न चाखलेलं पन्हं

जटपुरा गेटच्या आत शिरलं की डाव्या हाताला हाफिजभाईंचं सुक्या मेव्याचं दुकान लागतं. खजूर, खारीक, चारोळी, शेवया, तिथे सगळं मिळतं. फक्त गिऱ्हाइकाकडे लक्ष असलेला माणूस गादीवर मिळत नाही. गादीवर बसतो हाफिजभाईंचा थोरला मुलगा बिलाल. पोरगा मनाचा चांगला, पण समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी याचं डोकं कुणाच्या तरी उघडलेल्या मोबाइलमध्ये आणि हातात स्क्रू काढायचा बारीकसा पेचकस. अर्धा किलो मागितलं तर पाव तोलतो आणि पाव मागितलं तर अर्धा.

हे बघून त्याच्या धाकट्या बहिणीचा, नाजियाचा, जीव तुटायचा. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली ही मुलगी दुकानापुढे नुसती उभी राहिली तरी दोन बाया थांबायच्या आणि खारकेसाठी आलेल्या चारोळी घेऊन जायच्या. ती बोलायचीच तशी. पण "अब्बा, मी बसू गादीवर?" असं विचारलं की हाफिजभाई तराजूच्या काट्याकडे बघत म्हणायचे, "पोरीनं गल्ल्यावर बसनं आपल्यात नाई होत, बेटा." संपला विषय.

त्या वर्षी शाळेतल्या बाईंनी तिला एका उन्हाळी शिबिराचं सांगितलं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी, तीन आठवडे एका ठिकाणी राहून धंदा शिकायचा. रमजान ऐन मे महिन्यात आला होता. अम्मी म्हणाली, "रोज्यात घर सोडून कुठी जातेस?" नाजियाने जेवणच काय, बोलणंही टाकलं. नाजियासारखी मुलगी बोलणं टाकते म्हणजे घरात किती शांतता पसरली असेल! शेवटी हाफिजभाईच वैतागले. "जा. पहिला नंबर आनला त गादीवर बसवतो. नाई आनला, त गादीचं नाव पुन्हा काढाचं नाई. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. हाफिजभाईंना वाटलं, बला टळली. आपल्या मुलीला त्यांनी अजून पुरतं ओळखलं नव्हतं.

शिबिर चंद्रपुरातच, मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात होतं. अहेरी, आरमोरी, राजुरा, ब्रह्मपुरी, कुठून कुठून मुलं आली होती. चंद्रपूरचा मे महिना काय असतो ते सोसलेल्यालाच ठाऊक. धंद्याचा पहिला धडा सुरू व्हायच्या आधीच कूलरसमोरच्या जागेवरून भांडणं झाली, आणि त्यातल्या एकात सौदा करून ती जागा नाजियाने मिळवली.

शिबिर चालवायचे गुणवंतराव. उभी हयात गावोगाव शेतात पाण्याच्या मोटारी विकण्यात गेलेली. आवाज असा, की माइक दिला तर लोक कानावर हात ठेवायचे. भाव कसा लावायचा, गिऱ्हाईक का परततं, उधारीवाल्याशी गोड कसं बोलायचं, हे सगळं ते आपल्या मोटारींच्या गोष्टींतूनच शिकवत, आणि मुलं खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत. त्यांचा एक नियम सगळ्यांवर होता. "आपला माल आधी आपन वापराचा. मोटार मी आधी माह्या वावरात लावली, मंग लोकाइले विकली! ज्याले आपलाच माल घशाखाली उतरत नाई, त्यानं तो दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये." शेवटच्या दिवशी विक्रीमेळा भरणार होता, शहरातले लोक खरेदीला येणार होते, आणि परीक्षकांसमोर प्रत्येकाने आपला माल वापरून किंवा चाखून दाखवायचा होता. त्याचे वेगळे गुण होते. नियम चांगलाच होता, त्यात काही खोट नव्हती.

तिघातिघांचे गट पाडले. नाजियाच्या वाट्याला आरमोरीचा सुनिल आला, ज्याला बघितलं की कुणालाही हसू फुटावं असा, आणि रीना. रीना हेमलकशाच्याही पुढच्या, जंगलातल्या एका माडिया गावची. आल्या दिवशी संध्याकाळी तिने कबड्डीत मुलांचा अख्खा संघ लोळवला होता आणि मग कुणाशी काही न बोलता हातपाय धुऊन जेवायला बसली होती. नाजियाला ती तिथेच आवडली.

कोणी काय विकायचं ते चिठ्ठ्यांवर ठरलं. बांबू, तांदूळ, गूळ, मोह, कापूस असं काहीबाही डब्यात होतं. नाजियाने हात घातला आणि निघाला आंबा. सुनिल नाचायलाच लागला. "पन्हं! या उन्हात लोकं लायनी लावतीन, पाह्यजो तू!" नाजियालाही पटलं. रीनाचा चेहरा तेवढा उतरला.

खोलीवर आल्यावर ती म्हणाली, "मी कैऱ्या आनीन, उकडीन, गाळीन, विकीन. चाखनार मात्र नाई."

"काऊन? घसा धरतो का तुझा?"

"आमच्या गावचा पंडुम नाई झाला अजून." मग नाजियाच्या चेहऱ्यावरून तिला काही कळलेलं नाही हे बघून रीनाने समजावून सांगितलं. नवा आंबा आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचा. त्याचा दिवस गावचा पेरमा, म्हणजे गावच्या देवाचं सगळं करणारा म्हातारा, ठरवतो. त्या दिवशी सगळं गाव एकत्र बसून पहिला आंबा खातं. तोवर कोणी तोंडाला लावत नाही, मग झाड अंगणात लगडलेलं का असेना. यंदा पेरमा आजारी होता, म्हणून उशीर झाला होता. दिवस झाला की तिचा भाऊ डोमा रेंज असलेल्या जागी येऊन फोन करणार होता.

"म्हणजे तुझा पन रोजाच की!" नाजिया खूश होऊन म्हणाली.

"नाई," रीना म्हणाली. ती बोलायची कमी, पण बोलली की सरळ. "तुझा रोजा तू सांजच्याले सोडते. हे मले एकटीले सोडता येत नाई. सारं गाव मिळून सोडते."

 रोजा म्हणजे काय, हे नाजियाला कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं, आणि रोजा नसणं म्हणजे काय हे तर कुणीच नाही. "मंग सरांले सांगू ना आपन," ती म्हणाली.

"काही सांगू नको. सांगितलं की हसतात. मंग म्हनतात, जंगलातले लोकं."

सुनिलला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "वा रे आपली टीम! एकीचा रोजा, एकीचा पंडुम, आन सारा भार माह्या एकट्याच्या जिभेवर!" तोंडाने असं म्हणाला, पण मनातून तो हरखून गेला होता.

घोटाळा असा झाला की सुनिलची जीभ काही कामाची नव्हती. त्याला सगळंच आवडायचं. पहिल्या दिवशी पन्ह्यात गूळ घालायचाच राहिला, सुनिल म्हणाला, "एक नंबर!" दुसऱ्या दिवशी नाजियाने मीठ घातलं, तिने घातलं हे माहीत नसलेल्या रीनाने पुन्हा घातलं, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकीण धुरपताबाईंनी एक घोट घेऊन तो मोरीत टाकला. सुनिल आपला तिसरा गिलास भरत होता. "मले त मस्त लागला ना वं," तो म्हणाला. अशा माणसावर रागावणार तरी कसं!

नाजियाने मग घरी फोन लावला. तिच्या अम्मीला, हाजराबींना, रमजानमध्ये महिनाभर एक घासही न चाखता सगळ्या घराचा स्वयंपाक करायची सवय होती, आणि त्यांच्या हातचं मीठ कधी चुकलेलं कुणाला आठवत नव्हतं. "त्यात काय," हाजराबी म्हणाल्या. "मीठ चमच्यानं नाई घ्याचं, तळहाताच्या खळग्यानं घ्याचं. आन टाकल्यावर वास घे. मीठ पुरलं की कैरीचा हिरवा वास बसते. बसला नाई त अजून चिमूटभर टाक. आन हे पाय, मीठ पडलं की झाकन उलटं ठेवाचं. उलटं झाकन दिसलं की दुसऱ्या कोनी हात लावाचा नाई. माह्या सासूनं शिकवलं मले."

त्या दिवसापासून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात या पोरींच्या पातेल्यावर झाकण उलटं दिसू लागलं. नाजिया वास घेऊन मीठ घालायची. रीना कैरीच्या देठाशी नाक नेऊन कोणती उकडायची आणि कोणती परत करायची ते ठरवायची. बाहेर ऊन रटरटत असायचं, आत पातेल्यातून गुळाची आणि वेलचीची वाफ निघायची, आणि त्या दोघी एक थेंबही न चाखता हसत-बोलत ढवळत असायच्या. धुरपताबाई तोंडावर पदर धरून बघत राहायच्या. नाजियासाठी पहाटे उठून चूल पेटवायचं कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. "आमच्या काळी बाप्पा, कैरीचं नाव काढलं तरी तोंडाले पानी सुटे," त्या म्हणायच्या. "ह्या कोन्या मातीच्या पोरी आहेत मायबाई!"

बाजारातला किस्सा तर शिबिरभर झाला. कैऱ्या आणायला दोघी गोल बाजारात गेल्या. विकणाऱ्या बाईने रिवाजाप्रमाणे एक फोड कापून रीनापुढे धरली. "चाखून पाय, पोरी. कशी ठसठशीत आंबट आहे."

"नाई," रीना म्हणाली.

बाईला वाटलं, पोरीला माल पसंत नाही. तिने भाव थोडा उतरवला आणि दुसऱ्या ढिगातली फोड पुढे केली. रीनाने पुन्हा मान हलवली. भाव आणखी उतरला. तिसऱ्या फोडीला बाईचा धीर सुटला. "कोन्या गावची आहेस वं? लय चिवट आहेस! ने बाप्पा, तुह्याच भावानं ने!" अब्बांचं बोट धरून लहानपणापासून बाजार बघितलेली नाजिया थक्क होऊन उभी होती. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत दोघींनी हसू दाबून धरलं, आणि मग पोतं खाली ठेवून पोट धरधरून हसल्या. गुणवंतरावांनी ही गोष्ट वर्गात दोनदा सांगितली. मात्र रीनाने फोड का घेतली नाही, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, ही सौदा करायची रीत.

दिवस भराभर गेले. गादीची गोष्ट नाजियाने रीनाला एकदा सांगितली होती, आणि रीनाने ती मनात घट्ट धरून ठेवली होती. पातेलं घासताना मधूनच म्हणायची, "दुकानदारीन, पहिला नंबर पायजे ना? मंग नीट गाळ." डोमाचा फोन मात्र काही आला नाही.

विक्रीमेळ्याच्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर मांडव घातला होता. नाजियाने गळा मोकळा सोडला. "या काका, ऊन पाहा, आन आमचं पन्हं पाहा! ताई, लेकराले द्या, दुपारची झोप लागन!" रीना माठातून गिलास भरायची, सुनिल बाटल्या द्यायचा. लोक पीत होते, जिभा टाळ्याला लावत होते, घरी न्यायला बाटल्या घेत होते. दुपारच्या नमाजानंतर हाफिजभाई पांढऱ्या कुर्त्यात, बिलालला घेऊन आले आणि मांडवाच्या खांबाशी उभे राहिले. गर्दी बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. नाजियाने ते बघितलं आणि तिचा आवाज आणखी खुलला. आज गादी आपली, असं तिला वाटून गेलं.

मग परीक्षक आले. पुढे गुणवंतराव, मागे मूल गावच्या मनकर्णाबाई. मनकर्णाबाईंच्या बचत गटाचा मसाला साऱ्या जिल्ह्यात खपायचा. भोवती लोक जमले, वर्तमानपत्राचा फोटोवालाही आला.

"चला, आपल्या मालाचा घोट घ्या!" गुणवंतराव गरजले. सुनिलने गिलास एका दमात संपवला.

"सर, माझा रोजा आहे," नाजिया म्हणाली.

"हो हो, बेटा, तुले माफ." त्यांनी भरलेला गिलास रीनापुढे धरला.

"मी नाई पीत सर," रीना म्हणाली.

"काऊन? तुमचाच माल आहे ना?"

रीना माठाचं झाकण नीट करू लागली. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "काई घोळ दिसते पन्ह्यात." दोघातिघांनी हातातले गिलास खाली ठेवले. एका बाईने लेकराच्या तोंडाचा गिलास ओढून घेतला. गुणवंतरावांचा हात तसाच पुढे. वाईट माणूस नव्हते ते, पण आपला नियम मोडलेला त्यांना बघवत नव्हता.

सुनिलला राहवलं नाही. "सर!" तो ओरडला. "तिचा पन रोजा आहे! नाजियासंग धरला तिनं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अशी गोष्ट कोणाला आवडणार नाही? जंगलातली मुलगी आपल्या मैत्रिणीसाठी रोजा धरते! गुणवंतरावांचे डोळे भरून आले. "वा बेटा! याले म्हनतात भागीदारी!" बायांनी खाली ठेवलेले गिलास पुन्हा उचलले. फोटोवाला पुढे सरसावला. "दोघी जवळ या, हात हातात घ्या." खांबाशी उभे असलेले हाफिजभाई टाळ्या वाजवत होते. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. नाजियाने आपल्या बापाला असं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

पहिला नंबर आता हातात आल्यासारखाच होता. फक्त गप्प राहायचं होतं.

रीना तिच्याजवळ सरकली आणि तिचा हात धरून हळूच म्हणाली, "राहू दे. तुले गादी पायजे ना."

नाजियाने रीनाकडे बघितलं. ही मुलगी तीन आठवडे कैरीच्या वाफेत उभी राहिली होती, बाजारात फोड नाकारली होती, तीनदा. आपल्या अख्ख्या गावासाठी तिने जे धरून ठेवलं होतं, ते आता नाजियाच्या गादीसाठी दुसऱ्याच्या नावावर जाऊ देत होती. वर हसतही होती.

"थांबा भाऊ," नाजिया फोटोवाल्याला म्हणाली. "फोटो नका काढू." विकणारीचा आवाज तो, शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाच. "सर, रीनाचा रोजा नाई. सुनिल आमच्यासाठी खोटं बोलला. रीनाच्या गावात नवा आंबा आधी देवाले देतात, मंग सारं गाव एकाच दिवशी खाते. तो दिवस अजून आला नाई, म्हनून ती पीत नाई. ते तिचं स्वतःचं आहे. माझ्यासाठी नाई."

टाळ्या बंद झाल्या. मागे कोणीतरी खुसखुसलंही. सुनिल माठाआड दडता येतं का ते बघत होता. रीना मात्र मान वर करून उभी होती. आल्यापासून पहिल्यांदाच तिने समोरच्या सगळ्या माणसांकडे नीट बघितलं.

"एक सांग," मनकर्णाबाई पुढे झाल्या. "तू प्यायली नाई, ही प्यायली नाई. मंग मीठ कोनं पाह्यलं?"

सुनिलने हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. नाजियाने तळहाताचा खळगा दाखवला, हिरवा वास बसण्याचं सांगितलं, उलट्या झाकणाचं सांगितलं. मनकर्णाबाई खदखदून हसल्या. त्यांनी गुणवंतरावांच्या हातातला गिलास काढून घेतला, पन्हं संपवलं, ओठ पुसले.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि रिकामा गिलास रीनापुढे धरला. "अजून एक भर, माय."

गुणवंतरावांनी आवाज खाली आणला, ही त्या शिबिरातली मोठीच घटना होती. मग म्हणाले, "गुन कापावे लागतीन बेटा. नियम सर्वाइले सांगितला होता."

"कापा सर."

"कापतो. पन हा नियम केला ना, तवा माह्या डोक्यात निस्त्या मोटारी होत्या." आणि त्यांनी रीनापुढे हात जोडले. साठी उलटलेल्या माणसाने, सगळ्यांच्या देखत.

पहिला नंबर बांबूवाल्यांना गेला. पन्ह्याला तिसरा मिळाला. नाजियाने टाळ्या वाजवल्या, पण तिचं लक्ष खांबाकडे होतं. हाफिजभाईंचा चेहरा पुन्हा तराजूकडे बघतानासारखा झाला होता. ते पन्ह्याच्या दुकानापाशी आले. "एक बाटली बांधून दे," गिऱ्हाईक बोलतं तसं बोलले. "इफ्तारले पिऊन सांगतो कसं झालं ते." बाटली घेऊन ते निघून गेले. गादीबद्दल एक शब्द नाही.

संध्याकाळी फाटकाशी सामान घेऊन उभ्या असताना रीना म्हणाली, "राहू द्याचं होतं तू. दुकान गेलं ना तुझं."

"जाऊ दे. तुझ्या गावाचं पुण्य माझ्या रोज्याच्या नावावर कशाले चढवू मी?" नाजिया म्हणाली खरी, पण डोळ्यांत पाणी आलंच. रीनाने तिच्या पाठीत कबड्डीतली एक थाप मारली. त्या थापेने नाजिया रडायचं विसरली.

घरी दस्तरखान मांडला होता. अजान झाली, खजुराने रोजा सुटला, आणि हाजराबींनी बाटलीतलं पन्हं गिलासांत ओतलं. हाफिजभाई सावकाश प्यायले. दुसऱ्यांदा गिलास भरून घेतला. बिलालने तर बाटलीच तोंडाला लावली. नाजियाने आपला गिलास हळूच बाजूला सारला.

"तू काऊन नाई पीत?" हाजराबी म्हणाल्या. "आता त रोजा सुटला."

"मी थांबते, अम्मी. रीनाच्या गावचा दिवस होईपर्यंत."

"अगं, तिचा गाव, तिचा देव. तुहं त्यात काय?"

"आम्ही दोघींनी मिळून केलं ना ते," नाजिया म्हणाली. "सोडाचं पन मिळून."

हाजराबी काही बोलणार होत्या. हाफिजभाई म्हणाले, "राहू दे, हाजरा." एवढंच बोलून ते नमाजाला उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून नाजियाला निरोप आला. नुसताच निरोप होता: ये. ती गेली तेव्हा ईदच्या खरेदीची झुंबड उडाली होती. गिऱ्हाईक ओरडत होतं आणि बिलाल गादीवर कुणाच्या तरी मोबाइलचं पोट उघडून बसला होता. हाफिजभाई तराजूपाशी होते. त्यांनी मुलीकडे बघितलंही नाही.

"बिलाल," ते म्हणाले, "सरक."

बिलाल इतक्या आनंदाने सरकला, की पेचकस खारकांच्या पोत्यात जाऊन पडला. नाजिया गादीवर बसली. तिला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला रडू कोसळेल. पण समोर पहिलंच गिऱ्हाईक उभं होतं, बाबूपेठचे मुखरूभाऊ, आणि त्यांना घाई होती.

"हा नवा खजूर दिसते. गोड आहे का?"

"मले नाई माहीत, भाऊ," नाजिया म्हणाली. "माझा रोजा आहे. पन हात लावून पाहा, साल कशी सुटून राह्यली. पावशेर न्या, खाऊन पाहा, आन उद्या येऊन मलेच सांगा."

मुखरूभाऊंनी तिच्याकडे बघितलं, खजुराला हात लावून बघितला, आणि अर्धा किलो घेतला. हाफिजभाई तोलता तोलता थांबले. मिशीत हसू आलं होतं, ते लपवायला त्यांनी उगीचच तराजूचं पारडं फडक्याने पुसलं.

ईदला दोन-चार दिवस उरले असताना, ऐन गर्दीत, नाजियाचा फोन वाजला. पलीकडे वारा होता, लांबून ढोल ऐकू येत होते, आणि डोमाच्या फोनवरून रीना ओरडून बोलत होती. "झाला! पंडुम झाला आज! सारं गाव बसलं होतं. खाल्ला मी!"

"कसा होता?"

"आंबट!" रीना म्हणाली, आणि दोघी गोल बाजाराच्या कोपऱ्यावर हसल्या होत्या तशा हसत सुटल्या. गिऱ्हाइकं बघतच राहिली.

फोन ठेवून नाजिया डोळे पुसू लागली. हाफिजभाईंनी काय झालं म्हणून विचारलं नाही. सगळं त्यांनी ऐकलंच होतं. त्यांनी बिलालच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि त्याच्या हातात पिशवी दिली.

"जा, गोल बाजारातून कैऱ्या घेऊन ये. अम्मीले सांग, आज पन्हं कर. आन म्हनाव, झाकन सुलटंच ठेव. मीठ आज नाजिया घरी येऊन टाकन."